नऊ नंबरच्या घरातली त्रेचाळीस मुलं

शाळेत त्यांना सगळे किल्लीबाई म्हणत. कागदोपत्री त्या कार्यालयातल्या कारकून, काम दाखले लिहायचं आणि हजेरीपट सांभाळायचं. पण हातात सदा किल्ल्यांचा जुडगा, आणि शाळेतलं असं एकही कुलूप नव्हतं जे त्यांच्याशी अडून बसेल. शाळा आठला भरायची. किल्लीबाई पावणेसातला मागचं दार उघडायच्या. हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं आणि त्याबद्दल कोणी कधी विचारलंही नव्हतं. न विचारण्यात आपले मुख्याध्यापक मोठे हुशार गृहस्थ होते.

मागच्या दाराने मुलं यायची. त्या वर्षी सहा होती. एकेकटी यायची, लवकर जाग आली म्हणून सहज आल्यासारखी. प्रत्येकाजवळ एक पिशवी असायची, आणि त्या पिशवीत त्यांचं सगळं घर. बाई पिशवी घ्यायच्या, कार्यालयातल्या लोखंडी कपाटात ठेवायच्या आणि कुलूप लावायच्या. मग टॉवेल, साबण, आणि खेळाच्या हॉलमागच्या बाथरूमची किल्ली. मूल आंघोळ करून येईपर्यंत अंगावरचे कपडे मशीनमध्ये. मशीन खेळाडूंच्या गणवेशासाठी घेतलं होतं, पण शाळेचे खेळाडू काही फार घाम गाळत नसत. प्रत्येक मुलाचे गणवेशाचे दोन जोड बाईंकडे असत, एक अंगावर आणि एक वाळत. आठच्या घंटेला ही सहा मुलं प्रार्थनेच्या रांगेत उभी राहिली की इतर मुलांत ओळखू येत नसत. उलट जरा जास्तच स्वच्छ दिसत.

"काल रात्री कुठे झोपलीस?" असं बाई कधी विचारत नसत. त्यांचा प्रश्न ठरलेला होता, "आज कुठल्या बाजूने आलीस?" मूल म्हणायचं, "डेपोच्या बाजूने," की समजायचं. "पुलाकडून," म्हणालं की त्याही दिवशी समजायचं, आणि बाई कपाटातला डबा नेहमीपेक्षा थोडा आधी काढायच्या.

एवढं वाचून कोणाला वाटेल, बाई म्हणजे मायेचा झरा. तसं काही नव्हतं. पहिल्या वर्षी त्या घरी जाऊन रडायच्या. दुसऱ्या वर्षी स्वयंपाक करता करता रडायच्या, म्हणजे वेळ वाचायचा. मग ते कधी बंद झालं, त्यांनाही सांगता आलं नसतं. दातवाल्याने इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो पण हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो, तसं त्यांचं झालं होतं, आणि त्याला आता अकरा वर्षं होऊन गेली होती. शिक्षकांच्या खोलीत त्यांना मागून 'दगड' म्हणायचे. बाईंच्या कानावर ते आलं होतं. त्यांनी ते ऐकलं आणि मशीनमध्ये साबण टाकला.

आता मुद्द्याची गोष्ट, पत्त्याच्या रकान्याची.

शाळेत नाव घालायचा अर्ज संगणकावर भरायचा असे. त्यात पत्ता लिहिल्याशिवाय अर्ज पुढे सरकतच नसे. सरळ मार्गही होता, नाही असं नाही. 'कायमचा पत्ता नाही' या चौकोनात खूण करायची. मग सात पानांचा दुसरा अर्ज उघडायचा, त्यावर तीन सह्या, मग कोणीतरी येऊन पाहणी, असे सहा आठवडे. तोवर मुलाचं नाव हजेरीत नाही, म्हणजे बाक नाही, जेवण नाही, गणवेश नाही. एकोणीस वर्षांपूर्वी बाईंनी एका मुलीसाठी हा सरळ मार्ग धरला होता. सहा आठवड्यांनी मंजुरी आली, तेव्हा मुलगी कुठल्या गावाला गेली हे सांगणारंही कोणी उरलं नव्हतं. पुढचं मूल आलं तेव्हा बाईंनी रकान्यात सरळ आपल्या घराचा पत्ता टाकला. दुसरा मजला, दार नंबर नऊ. अर्ज सुरळीत पुढे सरकला. त्यानंतर त्यांनी तो चौकोन कधी उघडला नाही.

अशी एकोणीस वर्षांत त्रेचाळीस मुलं त्या दोन खोल्यांत राहायला आली. कागदावर.

बाईंचे यजमान बस चालवून निवृत्त झाले होते आणि आता घरीच असत. मुलांच्या प्रगतिपुस्तकांची पाकिटं टपालाने नऊ नंबरला येत, ती ते बुटांच्या खोक्यात तारीखवार लावून ठेवत. "घर टीचभर आणि बिऱ्हाडं बघा किती!" हा त्यांचा आवडता विनोद. बायको हसत नसे, पण त्यामुळे विनोदाचं काही अडत नव्हतं. कधी शिक्षण खात्याचं कोणी चौकशीला दारात आलंच, तर काय बोलायचं हे बाईंनी त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं, "हो, इथंच राहते. आत्ताच बाहेर गेली." पण माणूस हौशी. नुसतं एवढं बोलून त्यांचं समाधान होत नसे. पदरचं थोडं घालायचे. अमक्याला दूध आवडत नाही, तमकीला गणिताचा कंटाळा. एका मुलाला तर त्यांनी झोपेत चालायला लावलं होतं. ज्यांचं तोंडही पाहिलं नाही अशा मुलांच्या खोड्या त्यांना तोंडपाठ होत्या.

त्या वर्षीच्या सहांत एक मुलगी होती, दहा वर्षांची. अंगाने काडी, म्हणून शाळेत तिला बारकी म्हणायचे. आई एका लॉजच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. दिवसभर दुसऱ्यांच्या बिछान्याच्या चादरी, आणि स्वतःला पाठ टेकायला जागा नाही. चौदा महिन्यांत मायलेकींनी सात ठिकाणं बदलली होती, आणि सध्या बस डेपोच्या प्रतीक्षालयात होत्या. बारकी फार बोलायची नाही. टॉवेल वापरून झाला की त्याची अशी चोख घडी घालायची की बाई तो कपाटात सगळ्यात वर ठेवायच्या.

नगराच्या घरवाटप कचेरीने बेघर कुटुंबांसाठी खोल्या बांधल्या होत्या. बारकीच्या आईने वर्षभरापूर्वी अर्ज केला होता आणि आता तिचा नंबर लागला होता. एक खोली, आत मोरी, दाराला आतून कडी. बारकीने हे बाईंना टॉवेल देता देता सांगितलं. "आतून कडी आहे," एवढंच म्हणाली. बाई म्हणाल्या, "चांगलं झालं." त्यांना आनंद व्हायला हवा होता. तो कुठेतरी झालाही असेल, त्यांच्यापर्यंत पोचला नाही.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी यजमान जेवताना म्हणाले, "आज एकजण आला होता गं, फाईल घेऊन. बारकीची चौकशी करत होता."

"मग?"

"मग काय, आपण काय आजचे आहोत? म्हटलं, इथंच राहते, आत्ताच बाहेर गेली. प्रगतिपुस्तकं दाखवली खोक्यातली. तो खिडकीजवळच्या पलंगाकडे बघत होता, तर म्हटलं, तिथंच झोपते ती. उजेड असल्याशिवाय झोप नाही लागत पोरीला."

"बरं केलंत," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात भात वाढला. फाईलवाला कुठल्या खात्याचा, हे त्यांनी विचारलं नाही. एकोणीस वर्षांत एकाच खात्याचा माणूस येत आला होता.

दहा दिवसांनी, सोमवारी, पावणेसातला मागचं दार उघडलं तर बारकीबरोबर तिची आईही उभी होती. हातात कचेरीचं पत्र. चारदा उलगडून चारदा घडी केलेलं.

"बाई, हे जरा बघता का? पोरीने वाचून दाखवलं, पण मला अर्थच लागत नाही. आम्ही बेघर नाही म्हणतात. आमचा पत्ता आहे म्हणतात. हा पत्ता कुठला आहे हो? आम्ही इथं कधी राहिलोच नाही."

बाईंनी पत्र वाचलं. अर्ज नामंजूर. शाळेच्या नोंदीनुसार अर्जदाराची मुलगी अमुक पत्त्यावर राहते. प्रत्यक्ष पाहणी केली असता घरातील वडीलधाऱ्यांनी दुजोरा दिला. मुलगी खिडकीलगतच्या पलंगावर झोपते, असेही सांगितले. हरकत असल्यास शुक्रवारी पाचच्या आत नोंदवावी, अन्यथा खोली यादीतील पुढील कुटुंबास देण्यात येईल. वर पत्ता होता, दुसरा मजला, दार नंबर नऊ.

आयुष्यभर ज्या ओळीने मुलांना आत घेतलं, तीच ओळ आता या पोरीला बाहेर काढत होती. ते कळायला बाईंना वेळ लागला नाही. त्यांनी पत्राची घडी घातली.

"हा पत्ता माझ्या घराचा आहे," त्या म्हणाल्या. "मी लिहिला. नाव घालायला काहीतरी लिहावं लागतं. आणि जे बोलले, ते माझे यजमान."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. आता ही ओरडेल, असं बाईंना वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. दोन शिव्या दिल्या असत्या तर आणखी बरं.

"म्हणजे चौदा महिने आम्ही तुमच्या घरी राहत होतो," आई म्हणाली.

"हो."

"मग एकदा घर तरी दाखवायचं होतंत, ताई."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. इस्त्री करून करून तिचा आवाजही सपाट झाला होता. पोरीचा गाल पुसून ती कामावर गेली, कारण धुलाईखान्यात उशिरा येणाऱ्याला आत घेत नसत. बारकीने पिशवी पुढे केली. बाईंनी ती घेतली, कपाटात ठेवली, कुलूप लावलं. एक टॉवेल दिला.

मुख्याध्यापकांनी सगळं ऐकून आधी उठून दार लावलं.

"बाई, मला हे काही माहीत नाही. आणि मला सांगूही नका."

"सांगून झालं, सर."

"तुम्ही एका मुलीचं कबूल केलंत की ते लोक संगणकात तुमचा पत्ता शोधतील. त्रेचाळीस नावं निघतील. त्यातली सहा आज वर्गात बसलीयत. सगळ्यांची चौकशी लागेल. तुमची नोकरी जाईल, निवृत्तीला तुमचं सव्वा वर्षही नाही उरलं." ते परत खुर्चीत बसले. "माणूस एकीला सोडून पाचांना वाचवतो, बाई. मी निर्दय नाही. हिशेब सांगतोय."

हिशेब बरोबर होता. बाईंनी तो मनात तपासून पाहिला आणि त्यात चूक सापडली नाही. एखादी हळवी बाई असती तर त्या हिशेबाने तिची रात्र गेली असती. किल्लीबाई गाढ झोपल्या. फक्त सकाळी उठल्या तेव्हा ठरलेलं होतं, आणि ते कधी ठरलं हे त्यांना आठवेना. आतून कडी, एवढंच डोक्यात होतं.

यजमानांना मात्र त्या सोमवारपासून घास जात नव्हता. "मी कशाला जीभ चालवली? पलंग कशाला मध्ये आणला मी?" हे दिवसातून दहा वेळा. आपण शिकवलं म्हणूनच ते बोलले, असं बाईंनी एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं नाही. बुधवारी ते ठेवणीतला शर्ट घालून बायकोबरोबर कचेरीत आले.

खिडकीमागे एक तरुण कारकून बाई होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पत्ता संगणकात घातला. पडद्यावर नावं खाली सरकत गेली, सरकतच गेली. ती कारकून बाई सरसावून बसली.

"दोन खोल्या आहेत ना तुमच्या?"

"हो."

"दोन खोल्यांत त्रेचाळीस मुलं? काकू, तुम्ही खाटा भाड्याने देता का?"

"नाही. मी शाळेत लिहिते."

कारकून बाई यजमानांकडे वळली, "आणि काका, तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा," यजमान म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. आयुष्यात बस कधी थांब्यापुढे नेली नाही असा हा माणूस. "पोरीला मी पाहिलेलंसुद्धा नाही, बाई. खरंच सांगतो. मनाने सांगितलं सगळं."

दोघांनी जबाब लिहून सह्या केल्या. सगळ्या नावांबद्दल, एकीबद्दलच नाही. एकीचीच चूक झाली असं म्हणायची सोय आता उरली नव्हती. कारकून बाईने शिक्का मारला आणि आवाज जरा खाली आणला.

"हरकत घेतलीय मी नोंदवून. निकाल लागेपर्यंत खोली राखून ठेवतील. पण पुन्हा पाहणी होईल, आणि ती न कळवता. ती मुलगी तुमच्या घरात दिसली, किंवा तिचा एखादा मोजा जरी सापडला, तर अर्ज कायमचा बाद. समजलं ना? उंबऱ्याच्या आत पाऊल नको तिचं."

"समजलं," बाई म्हणाल्या.

शुक्रवारी बाईंनी जुडगा मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला. चौकशी संपेपर्यंत त्यांना शाळेत यायला मनाई झाली होती. मुख्याध्यापक किल्ल्यांकडे बघत होते. या गृहस्थांना आपण फार वेळ हुशार म्हणालो, तर त्यांचंही एक सांगायला हवं. पाचही मुलांचे सात पानी अर्ज त्यांनी स्वतः बसून भरले होते, आणि नावं हजेरीतून निघाली तरी मुलं बाकावरून उठवली नव्हती. "वर्ग माझा आहे," असं ते म्हणाल्याचं शिपायाने बाईंना सांगितलं. मागचं दार आता खेळाचे शिक्षक उघडू लागले. साडेसातला, नियमाप्रमाणे. मधला पाऊण तास मुलं भिंतीला टेकून उभी राहत.

घरी आल्यावर यजमानांनी खोकं रिकामं केलं. बारकीची तीन प्रगतिपुस्तकं होती, ती शाळेत पोचती केली. मग त्यांनी पलंग ओढायला घेतला.

"हे काय करताय?"

"खिडकीपाशी पलंग दिसायला नको. पत्रात लिहिलंय ना तसं." त्यांनी पलंग समोरच्या भिंतीला लावला आणि खिडकीखाली शिवणयंत्र आणून ठेवलं. एकट्याने ओढताना त्यांची कंबर धरली. बाईंनी शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली.

त्यानंतर पंधरा-एक दिवसांनी, भर दुपारी, दाराची घंटी वाजली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पाहणीवालाच असणार. यजमानांनी शर्टाची बटणं लावली, घसा साफ केला आणि नवीन वाक्य मनाशी म्हणून घेतलं. एकोणीस वर्षांचं जुनं वाक्य जिभेवरून जात नव्हतं, म्हणून ते रोज सकाळी नव्याचा सराव करत. दार उघडून समोर नीट न बघताच ते म्हणाले,

"नाही, अशी कोणी मुलगी इथं राहत नाही."

दारात बारकी उभी होती. एकटी, गणवेशात, पाठीवर पिशवी. गणवेशाला इस्त्री नव्हती.

"माहितीये," ती म्हणाली. "मी आत येणार नाही. आईने सांगितलंय, उंबऱ्याच्या आत जायचं नाही."

त्यांनी या मुलीला पहिल्यांदाच पाहिलं होतं. बाई आतून आल्या आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"कुठल्या बाजूने आलीस?" त्यांनी विचारलं.

"शाळेकडून. पत्ता पाठ होता. पत्र मीच वाचलं होतं ना." मुलीने चपला उंबऱ्याला टेकवल्या, बोटभरही पुढे नाही, आणि मान लांब करून आत पाहिलं. "ती खिडकी हीच का?"

"हीच," यजमान म्हणाले.

"पण पलंग तिथे नाहीये."

बारकीने शिवणयंत्र पाहिलं, मग समोरच्या भिंतीला लावलेला पलंग पाहिला. फरशीवर पलंगाच्या पायांचे चार जुने डाग होते, तेही तिने पाहिले.

"हलवला का?"

"हो," बाई म्हणाल्या. "तुला खोली मिळावी म्हणून."

तिने मान हलवली. समजूतदार पोर, तिला हे लगेच पटलं. "आजोबा," ती यजमानांना म्हणाली, "तुम्ही बरोबर सांगितलं होतं. मला उजेड लागतो झोपायला. डेपोत असतो रात्रभर." मग तिने पिशवी सावरली. "जाते. आईला सांगितलं नाहीये मी."

बाईंना वाटलं, हिला निदान पाणी द्यावं. आत जाऊन पेला भरेपर्यंत ती एक जिना उतरली होती. पेला धरून त्या कठड्याशी उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी येतंय का, याची त्यांनी वाट पाहिली. आलं नाही. पेल्यातलं थोडं पाणी मात्र पायावर सांडलं.

अकराव्या आठवड्यात निकाल लागला. खोली मिळाली. शाळेचा शिपाई येऊन सांगून गेला, आणि जाता जाता हेही सांगितलं की बाकीच्या पाचांपैकी चौघांचे अर्ज मंजूर झाले. पाचव्याची मंजुरी यायच्या आधीच ते मूल शाळेत यायचं बंद झालं होतं. बाईंनी कोणतं, हे विचारलं. ऐकून घेतलं. बाईंच्या नोकरीच्या चौकशीचा कागदही शिपायाने आणला होता, तो त्यांनी न वाचता शिवणयंत्रावर ठेवला.

यजमान आधीच उठले होते. "धर गं एका बाजूने," ते म्हणाले. कंबर अजून बरी नव्हती. दोघांनी मिळून शिवणयंत्र बाजूला केलं, पलंग ओढत खिडकीपाशी नेला आणि चारही पाय जुन्या डागांवर बरोबर बसवले. बाईंनी धुतलेली चादर काढली, चारही कोपरे ओढून अंथरली. मग त्या बाजूला उभ्या राहिल्या. दुपारचं ऊन चादरीवर आलं होतं, आणि त्या दोघांपैकी कोणीही पलंगावर बसलं नाही.